अर्ध्या कपांची तिकडी

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बॅटरीच्या डब्यावर एकतीस टक्के दिसत होते. फ्यूजने तंबूच्या तोंडाशी उकिडवं बसून आकडा दोनदा वाचला, केटलीत साडेचारशे मिली पाणी मोजून ओतलं आणि बटण दाबलं. तंबूत त्याची बायको आणि त्याची मोठी बहीण झोपल्या होत्या. त्या उठायच्या आत त्याला एक लबाडी उरकायची होती.

फ्यूज हे त्याचं घरातलं नाव. वय एकोणपन्नास, काम लिफ्टदुरुस्तीचं. शहरातल्या एकशे साठ लिफ्टच्या आत तपासणीचं कार्ड लावलेलं असतं, त्यावर त्याची सही आहे. स्वतः तळापासून गच्चीपर्यंत जाऊन आल्याशिवाय त्याने एकाही कार्डावर सही केलेली नाही. एकदा एका सोसायटीच्या सेक्रेटरीने "साहेब, काल तर तपासलीत, आज नुसती सही मारा" म्हटलं, तर हा पठ्ठ्या सात मजले वर गेला, सात मजले खाली आला आणि मगच पेन काढलं. असा माणूस लबाडी करायला बसतो तेव्हा त्याचं मोजमापही चुकतं. ओतताना पाणी थोडं सांडलं होतं. त्याने तेवढंच पुन्हा मोजून घातलं होतं.

लबाडी ताईसाठी होती.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. सत्तावीस वर्षं ती एका कॉफी कंपनीत चाखण्याच्या खोलीत काम करत होती. लांब टेबल, त्यावर ओळीने वाट्या, प्रत्येकाच्या हातात एक खोल चमचा. चमच्यात कॉफी घ्यायची, सुर्रकन आवाज करत ओढायची, तोंडात फिरवायची, थुंकायची आणि कागदावर गुण लिहायचे. फ्यूजची बायको म्हणायची, "आम्ही असं सुर्रकन प्यायलो असतो तर आईने पाठीत धपाटा घातला असता, आणि ताईंना त्याचाच पगार मिळतो."

चार महिन्यांपूर्वी ताईला ताप आला. पाच दिवसांनी ताप उतरला, पण वास परत आला नाही. कॉफी, साबण, ओला टॉवेल, घराखालच्या रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, सगळं सारखंच. जिभेला कडू कळे, आंबट कळे. बाकी काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत येतो, कधी ते सांगता येत नाही, रोज ठरलेले वास घेत राहा. ऑफिसात ताईने कुणाला सांगितलं नाही. ती गुण सगळ्यांत शेवटी लिहायला लागली. आधी बाकीच्यांचे चेहरे बघायची, कोण भुवई उचलतं, कोण दुसऱ्यांदा चमचा बुडवतं, आणि मग आपला आकडा टाकायची. चार महिने कुणालाही संशय आला नाही. हे तिने फ्यूजला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जराही फुशारकी नव्हती.

आता सोमवारी दहा वाजता तिची दर तीन वर्षांनी होणारी परीक्षा होती. परीक्षेत तिकड्या असतात. तीन कप समोर येतात. दोन एकाच कॉफीचे, तिसरा दुसऱ्या कॉफीचा. वेगळा कोणता ते सांगायचं. अशा सहा तिकड्या, त्यांतल्या पाच बरोबर आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर चाखण्याच्या खोलीतून पॅकिंगमध्ये.

"घरात नाकाला मोकळीकच मिळत नाही," ताई म्हणाली होती. "जिथे कशाचाच वास नाही अशा ठिकाणी दोन दिवस ने मला."

म्हणून शुक्रवारी तिघं तलावापलीकडच्या माळावर आले. होडी दुपारी चारला सोडून गेली, रविवारी अकराला न्यायला येणार होती. इथे वीज नाही, दुकान नाही, दुसरा तंबूही नाही. फ्यूजने पाठीवर गॅसची लहान शेगडी, तीन पांढरे एनॅमलचे मग आणि स्वतः बनवलेला बॅटरीचा डबा आणला होता. डबा दिव्यापुरता आणि फोनपुरता. जुन्या लिफ्टमधून निघालेले सेल त्याने तपासून, निवडून त्यात बसवले होते. दहा टक्के उरले की डबा आपोआप बंद पडे, सेल पार मरू नयेत म्हणून. ही सोयही त्याचीच, आणि ती बंद करायला लागणारी हत्यारं घरी.

पण निघतानाच धक्क्यावर वनरक्षकाने शेगडी ठेवून घेतली. गवत वाळलेलं आहे, पाऊस पडेपर्यंत पलीकडे काडीसुद्धा पेटवायची नाही. त्याने चिठ्ठी दिली, शेगडीला नंबर बांधला आणि "चांगली आहे हो शेगडी, कुठून घेतली?" असंही विचारलं. फ्यूजला उत्तर द्यायचं भान नव्हतं. चूल नाही, शेगडी नाही, म्हणजे गरम पाणी नाही. गरम पाणी नाही तर कॉफी नाही.

तेव्हा बायकोने आपल्या पिशवीतून केटली काढली. विजेची, प्रवासातली, तीनशे वॉटची. रबरी पिशवीत गरम पाणी भरून गुडघा शेकायला तिने ती गुपचूप आणली होती, कारण घरून निघताना फ्यूजने तिच्या सामानातून ती दोनदा बाहेर काढली होती. "जंगलात केटली घेऊन जातात का?" असं तो म्हणाला होता.

"काय म्हणत होतात तुम्ही?" बायकोने धक्क्यावरच विचारलं. "जंगलात काय घेऊन जातात?"

"बायको घेऊन जातात," तो म्हणाला, आणि तेवढ्यावर सुटला.

त्याने हिशेब मांडला. तीन मगांचं पाणी एकदा तापवायला तेरा टक्के. शुक्रवारी संध्याकाळी गुडघ्याला आठ टक्के गेले. त्यावर तो काही बोलला नाही, बोलायची सोयच नव्हती. पहिली तिकडी त्याच संध्याकाळी झाली, शनिवारी आणखी तीन. पद्धत पक्की होती. फ्यूज कॉफी करायचा आणि मान फिरवायचा. बायको वाचनालयात कामाला होती. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायचे लाल ठिपके तिच्या पर्समध्ये कायम असत. वेगळ्या मगाच्या बुडाला ती एक ठिपका चिकटवायची आणि मग मागेपुढे करून मांडायची. ताई डोळ्यांना मफलर बांधून बसायची, प्रत्येक मगावर नाक धरायची, चमचा ओढायची, आणि एक मग उचलायची. मग मफलर काढून बूड बघायची.

कॉफ्याही सोप्या निवडल्या होत्या. एका पुडीतली धुऊन वाळवलेली, दुसरीतली फळासकट वाळवलेली. फळवालीला पिकलेल्या जांभळासारखा गोड, जरासा आंबूस वास होता. बायकोलासुद्धा ती चार हातांवरून ओळखू यायची. पण ती हे तोंडातून काढत नसे.

चार तिकड्यांत ताईची एक बरोबर आली, शनिवारी सकाळची. फ्यूजने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतोस?" ताई म्हणाली. "तीनात एक तर डोळे मिटूनही येतं. आणि माझे मिटलेलेच होते."

शनिवारी दुपारी तो तिच्या पिशवीत पेन शोधत होता. तिच्या वहीत घडी घातलेला कागद होता, विभागप्रमुखांच्या नावाने. गेले चार महिने मला वास येत नाही. या काळात मी दिलेले गुण धरू नयेत, ते नमुने पुन्हा तपासावेत. मी परीक्षेला बसत नाही, माझी बदली पॅकिंगमध्ये करावी. खाली सही, तारीख सोमवारची. त्याने कागद होता तसा ठेवला आणि संध्याकाळभर गप्प राहिला. बायकोने विचारलं, पोट दुखतंय का? तो म्हणाला, हो.

त्याचं मत असं झालं की ताईचं नाक जितकं गेलंय त्याहून जास्त तिचा धीर गेलाय. एक तिकडी, एकच, शेवटच्या सकाळी बरोबर आली, तर ती निदान परीक्षेला बसेल. आणि बसली तर पुढचं पुढे.

म्हणून रविवारी सकाळी त्याने तिन्ही मगांत पहिल्याच पुडीतली कॉफी टाकली. पाणी त्र्याण्णव अंशांवर आल्यावर ओतलं. आणि बायकोच्या पर्समधून तीन लाल ठिपके काढून तिन्ही मगांच्या बुडाला चिकटवले. ताई कुठलाही उचलो, खाली ठिपका असणारच. डब्यावर आता सतरा टक्के होते. गार हवेमुळे एक जास्तीचा गेला होता.

ताई उठली, तोंड धुऊन आली, इकडेतिकडे बघितलं. "वहिनी कुठाय?"

"झोपू दे तिला. ठिपका मी लावला. मांडलेही मीच, डोळे मिटून." हे म्हणताना त्याने नजर केटलीवर ठेवली.

ताईने मफलर बांधला. पहिल्या मगावर वाकली. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. चमचा ओढला, तीनदा, आणि तीनदा गवतात थुंकली. फ्यूजने मनातल्या मनात आकडे मोजले. दोन मिनिटं झाली, अडीच झाली. तिचा हात एकाही मगाकडे गेला नाही.

"तीनही एकच आहेत," ती म्हणाली.

फ्यूज पुढे सरकला. "नीट बघ की."

"नीटच बघितलं." तिने मफलर सोडला आणि मांडीवर ठेवून त्याची चौकोनी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "काल निदान कुठलातरी एक वेगळा भासायचा, चुकीचा का होईना. आज तेही नाही. चला, बरं झालं. प्रश्न मिटला."

तो बघत राहिला. गप्प बसला तर ती उद्या तो कागद देऊन मोकळी होणार. बोलला तर त्याची लबाडी उघडी पडणार. यातलं सोपं कुठलं हे ठरवायला त्याला घडी घालून होईपर्यंतचाच वेळ मिळाला.

"ताई, तीनही एकच आहेत."

"तेच म्हणतेय ना मी."

"नाही, म्हणजे खरोखरच एक आहेत. एकाच पुडीतल्या. मी मुद्दाम केल्या."

"राहू दे रे. समजूत घालून घ्यायचं वय नाही माझं."

"मग बूड बघ."

तिने एक मग उचलला. ठिपका. दुसरा उचलला. ठिपका. तिसरा उचलायच्या आधी तिने त्याच्याकडे बघितलं, आणि मग तोही उचलला.

"हे काय आहे?"

"तू कुठलाही उचलला असतास तरी बरोबर आला असता," तो म्हणाला. "म्हणून."

ताईने तिन्ही मग ओळीने परत खाली मांडले. तलावावर दोन पाणकोंबड्या एकमेकींवर ओरडत होत्या.

"गाढवा," ती शेवटी म्हणाली, आणि तो आवाज लहानपणीच्यापेक्षा वेगळा होता. "चार महिने मी लोकांची तोंडं बघून गुण लिहितेय. रोज घरी येऊन हात धुताना वाटतं, एक तरी जागा अशी पाहिजे जिथे मी कुणाला फसवणार नाही आणि मला कुणी फसवणार नाही. म्हणून तुला फोन केला होता. जो माणूस सात मजले चढल्याशिवाय सही करत नाही, त्याला. आणि तू मला पास करून टाकतोस?"

त्याने केटलीची वायर गुंडाळायला घेतली, अर्धी गुंडाळली, परत सोडली. "पत्र वाचलं तुझं," तो म्हणाला.

"माझी पिशवी उचकलीस?"

"पेन शोधत होतो."

"पेन तुझ्या खिशाला आहे."

त्याने खिसा चाचपला. पेन होतं.

तंबूची चेन वाजली आणि बायको बाहेर आली. केस उभे, एका पायात मोजा. "काय झालं? कोण कुणाला गाढव म्हणालं?"

"तुझ्या नवऱ्याने मला परीक्षेत पास केलंय, वहिनी. पेपर त्याचा, उत्तर त्याचं, शिक्काही त्याचाच."

बायकोने तिन्ही मगांची बुडं बघितली आणि तिला सगळं कळलं. मग तिने पर्स उघडून ठिपक्यांचा कागद बघितला. "माझे तीन ठिपके," ती म्हणाली. "ऑफिसचे आहेत हो ते." मग ती ताईशेजारी टेकली आणि एका मगातली कॉफी पिऊ लागली. "तर ताई, तुम्ही काय म्हणालात? कुठला उचललात?"

"कुठलाच नाही. तीनही एकच म्हणाले."

"म्हणजे बरोबर."

"काय बरोबर? ज्याला काहीच वास येत नाही तोही हेच म्हणेल."

"पण एक सांग," फ्यूज मध्येच म्हणाला. तो आता उभा राहिला होता. लिफ्ट का अडकली हे कळलं की तो असाच उभा राहायचा. "आधीच्या चार तिकड्या. त्यांत तर तीन चुकलीस. तेव्हाही सगळ्या सारख्याच लागल्या असतील, मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"कारण तेव्हा एकाखाली ठिपका आहे हे माहीत होतं. कुठलातरी उचलावाच लागतो."

"आजही तुला माहीत होतं की एकाखाली आहे. आज का नाही उचललास?"

ताईने समोरच्या मगाकडे बघितलं, जणू त्यानेच काहीतरी विचारलं होतं.

"उचलवला नाही," ती म्हणाली. "हात गेला नाही. का ते मला सांगता येणार नाही."

"मग आता सांगा बघू, ही कुठल्या पुडीतली?" बायकोने आपला मग तिच्या नाकाखाली धरला.

ताईने तो हळूच बाजूला केला. "दोनातलं एक सांगायला नाक लागत नाही, वहिनी. बरोबर आलं तर तुम्ही दोघं नाचाल, आणि मी पुन्हा तिथेच. मला तिकडी पाहिजे. खरी." ती डब्याकडे वळली. "किती उरलेत?"

"सतरा. पण दहाला बंद पडतो. म्हणजे सात. तिकडीला तेरा लागतात."

"अर्धे कप कर."

त्याने आकडे जुळवले. अर्ध्या कपांना साडेसहा. गार हवा धरली तर सात. म्हणजे अगदी काठावर.

"पाणी उन्हात ठेवते," बायको म्हणाली. "काळ्या पातेल्यात. जेवढं ऊन तापवेल तेवढं तुमच्या डब्याला कमी. आणि या वेळी पुडी, पाणी, ठिपका, सगळं मी एकटी करणार. तुम्ही दोघं भावंडं पाठ करून बसायचं. खास करून तुम्ही." हे शेवटचं नवऱ्याला.

ताईने आणखी एक अट घातली: तोंडात काही न घालता दोन तास थांबायचं. त्या दोन तासांत त्यांनी तंबू उतरवला, घड्या घातल्या, पिशव्या बांधल्या. डबा फ्यूजने आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून उन्हात ठेवला. सेल कोमट झाले तर एखादा टक्का वाचेल अशी त्याला आशा होती. पावणेनऊला पातेल्यातलं पाणी हाताला कोमट लागत होतं. पहाटेपेक्षा बारा अंशांनी जास्त, बायकोने थर्मामीटर बुडवून जाहीर केलं.

भावंडं गवतात पाठमोरी बसली. मागे केटली गुणगुणायला लागली.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"फार?"

"सोळा-सतरा टक्के."

तो हसला नाही, पण त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझं नाक नसतं तर मी आज इथे बसलोच नसतो."

"झालं सुरू."

"खरंय ते. मी सात वर्षांचा. रेडिओच्या मागे दोन वायरी जोडल्या आणि अंथरुणात जाऊन झोपलो. सगळं घर झोपलेलं. तुला एकटीला वास आला."

"जळक्या रबराचा," ताई म्हणाली. "आधी वाटलं, स्वप्नात येतोय. मग उठले आणि सगळे फ्यूज ओढून काढले. आणि बाबा अंधारात माझ्यावरच ओरडले, खेळतेस काय म्हणून." ती जरा थांबली. "तो वास अजून आठवतो मला. कॉफीचा नाही आठवत. सत्तावीस वर्षं रोज घेतला आणि आता डोळे मिटून आणायला गेलं तर येत नाही. तो रबराचा मात्र जसाच्या तसा येतो."

फ्यूजने गवताची काडी मोडली. तिला हात लावावा असं त्याला वाटलं. पण त्यांच्या घरात भावंडं अशी हात धरत बसत नसत. त्याने तिच्या चपलेवर चढलेली मुंगी झटकली.

"एक्क्याऐंशी!" मागून बायको ओरडली. "डब्यावर अकरा!"

"ढवळू नकोस! झाकण लावून ठेव!" फ्यूज मान न वळवता ओरडला.

"लावलंय हो! मला केटली काय आज पहिल्यांदा दिसली?"

मग डब्याने लहानसा पीक असा आवाज केला आणि गुणगुण थांबली.

"चौऱ्याऐंशी," बायको म्हणाली. "गेला."

केटली स्वतः तापते त्याचे टक्के फ्यूजने हिशेबात धरलेच नव्हते. त्र्याण्णव पाहिजे होते.

"ओत," ताई म्हणाली. "पटकन. गार व्हायच्या आत."

मगांचे आवाज आले, पुड्यांचा खसखसाट झाला, चार मिनिटं गेली. बायकोने मफलर आणून स्वतःच्या हाताने ताईच्या डोळ्यांवर बांधला. फ्यूजलाही मागे वळून बघायची परवानगी मिळाली, पण मगांना हात लावायची नाही. त्याने घड्याळ काढलं.

ताई पहिल्या मगावर वाकली. दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. तिसऱ्यावर. चमचा तिने हातात घेतलाच नाही.

"हा," ती म्हणाली आणि तिसरा मग उचलला.

अकरा सेकंद. काल दर तिकडीला दीड-दोन मिनिटं लागत होती.

फ्यूज बूड बघायला वाकला, तर ताईने खालून तळहात लावला. दुसऱ्या हाताने मफलर वर सरकवला. "नाही."

"अगं, बघू तरी!"

"चौऱ्याऐंशीला केलेली, अर्ध्या कपाची तिकडी धरत नाहीत. आमच्या खोलीत फेकून देतात."

"इथे कुठे खोली आहे?"

"आणि बरोबर निघाली तर पाचात दोन होतील. चुकली तर पाचात एक. दोन्हींतून काही सिद्ध होत नाही. उगाच तू नाचशील नाहीतर रडशील." असं म्हणून तिने तो अर्धा मग एका दमात पिऊन टाकला. थुंकली नाही. रिकाम्या मगात बघत म्हणाली, "बरी आहे."

चार महिन्यांत तिने कुठल्याही कॉफीला बरी किंवा वाईट म्हटलं नव्हतं. फ्यूजने बायकोकडे बघितलं. बायको उरलेले मग गोळा करत होती. तिने ताईच्या हातातला मगही घेतला, ती तलावाच्या काठाशी गेली, दोघांकडे पाठ करून तिन्ही मग धुतले आणि ठिपका नखाने खरवडून काढून चिमटीत धरला. परत आली तेव्हा तिन्ही बुडं पांढरीशुभ्र होती.

होडी अकराला पाच मिनिटं असताना आली. धक्क्यावर वनरक्षकाने चिठ्ठी बघून शेगडी परत दिली आणि विचारलं, "मग दोन दिवस काय प्यायलात? गार पाणी?" ताई म्हणाली, "जरा कमीच गरम."

त्याआधी होडीत फ्यूज बायकोच्या बाजूला बसला होता आणि पुढच्या फळीवर बसलेल्या ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने तीनदा विचारलं होतं. बायकोने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. चौथ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "सांगितलं तर तुमच्या तोंडावर दिसेल. आणि त्या बाईने चार महिने दुसरं काही केलं नाही, नुसती तोंडं वाचलीत. उद्या दहापर्यंत तुमचं तोंड कोरं राहू दे."

"पण तुझ्या तोंडावर?"

"माझ्या तोंडावर बावीस वर्षांत तुम्हाला काही दिसलंय का?"

पलीकडचा धक्का येईपर्यंत तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि ती पाण्याकडे.

सोमवारी सकाळी फ्यूज एका सहा मजली इमारतीत होता. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबत होती. नऊ वाजून बावन्न मिनिटांनी, तो लिफ्टच्या टपावर उभा असताना, फोन खिशात थरथरला. ताईचा मेसेज होता.

"पत्र आधी दिलं. बदलीची ओळ खोडून दिलं. वाचलं त्यांनी. परीक्षेला बसा म्हणाले, बाकीचं नंतर बघू. फोन बाहेर ठेवून जातेय."

त्याने तो दोनदा वाचला आणि बायकोला पुढे पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: "छान." आणि त्याखाली एक लाल ठिपका. त्याचा अर्थ विचारायला त्याने लगोलग फोन लावला, तर तिने उचलला नाही. वाचनालयात दहा वाजता शाळेची मुलं येतात.

लिफ्टचा दोष सापडला, एक स्विच ढिला झाला होता. त्याने तो घट्ट केला, तळापासून सहाव्या मजल्यापर्यंत गेला, खाली आला, आणि कार्डावर सही करून वेळ लिहिली: दहा चाळीस. मग ताईला फोन लावला. तो बंद होता.